हिरवा पट्टा

मनगटावरचा ताणमापक पट्टा लाल झाला, की इस्पितळ त्या नर्सला ‘विश्रांती’ म्हणून बिनपगारी घरी बसवत असे. एकटीने चाळीस खाटा सांभाळणाऱ्या गावित सिस्टरचा पट्टा मात्र महिनाभर हिरवाच. मेट्रन कोरगावकरबाईंना संशय आला.

“सिस्टर, योगाबिगा करता की काय?”

“हो मॅडम, रोज.”

सिस्टरचं मनगट मात्र मोकळं होतं. सातव्या खाटेवर घोरणाऱ्या निवृत्त तलाठ्याच्या चादरीखालून हिरवा उजेड येत होता. मेट्रनबाईंनी चादर उचलली. त्याच्या डाव्या हातावर पाच हिरवे पट्टे होते.

तलाठी जागा झाला. “बाई, मला उद्या घरी सोडतायत. या पोरींचं काय?”

मेट्रनबाईंनी केसपेपरवर ‘आणखी आठ दिवस देखरेख’ लिहिलं. मग दाराकडे बघत स्वतःचा पट्टा सोडला. “उजवा हात द्या.”

“तिथे मोठ्या डॉक्टरीणबाईंचा आहे. पाय चालेल?”