चार बोटं

रूपालीची नोकरीची ऑनलाइन मुलाखत रंगात आली आणि बेळगुंदीत लाईट गेली. कम्प्युटर, वायफाय आता यूपीएसच्या बॅटरीवर आले. यूपीएसच्या छोट्या पडद्यावर नऊ मिनिटं उरलेली दिसत होती. "लाईट गेली तर आकड्याचं मी बघतो, तू सायबाकडं ध्यान दे गं," परशरामनं लेकीला सकाळीच बजावलं होतं. बांधावरून बायकोला पंपाच्या खुणा करायचा, तशी तो कॅमेऱ्याआडून उरलेल्या मिनिटांइतकी बोटं दाखवू लागला. पण बोट मिटलं की पोरगी घाई करायची, अडखळायची. पाचाची चार झाली आणि तिचं उत्तर अर्ध्यावरच अडलं. मग परशरामनं बोटं मिटवायचंच सोडलं. आकडा एकवर आला. बोटं चारच राहिली. "शेवटचं विचारतो, वेळ आहे ना?" साहेब म्हणाले. रूपालीनं चार बोटं पाहिली. "आहे सर, सविस्तर सांगते." यूपीएसवर शून्य होतं. परशरामनं हात आणखी उंच धरला.