खरवडलेली जागा

धर्मगुरू अब्बा कोप्रेस शिकवायचे की आत्मा देहाच्या आधीपासून असतो, जन्मताना फक्त सगळं विसरतो. ते पाखंड ठरलं, आणि ख्रिस्ती देवळातल्या मृतांच्या यादीतून त्यांचं नाव त्यांच्याच शिष्याने, बिशप सेरापियोनने, सुरीने खरवडून काढलं.

रविवारी प्रार्थनेत देवळातला वाचक पामून याने यादी वाचली. दर नावाला लोक म्हणायचे, "प्रभू, याची आठवण ठेव." खरवडलेल्या जागेपाशी पामून थांबलाच नाही, तरी तिथेही कोणीतरी ते म्हणालंच.

"कोणाची जीभ वळवळतेय?" बिशप गरजले. "गावाबाहेर काढीन!"

"बिशप अब्बा, नाव घेतल्याशिवाय आम्ही कशाला तोंड उघडू?" म्हातारी तबीथा फणकारली.

पुढच्या रविवारी बिशपांनी सगळ्यांना बाहेर घालवलं आणि दाराला आतून अडसर घातला. "वाच आता. बघतोच मी."

पामून वाचू लागला. एकेका नावानंतर नुसता शुकशुकाट. मग ती जागा आली.

"प्रभू, याची आठवण ठेव."

आवाज ओळखीचा होता. पामूनने चमकून वर पाहिलं. बिशपांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं होतं, आणि त्यांचाच आवाज आता शांतपणे कोप्रेसांचं नाव घेत होता.