आठ दाणे

कोंबडीनं शेवटचा दाणा टिपला तेव्हा कुठं उज्ज्वलाचं लक्ष गेलं.

"हुश्श! मुडदा बशिवला तुजा, हुश्श!"

पण उशीर झाला होता. दोन्ही झाकणं रिकामी. तांबडी आपली तुरा हलवत निघाली, काही झालंच नाही अशी.

ते दाणे म्हणजे उज्ज्वलाची मोजणी होती. डब्याची दोन झाकणं आणि भाताचे आठ दाणे. एक ओळ विणून झाली की एक दाणा या झाकणातून त्या झाकणात. आठवा पलीकडे गेला की वेणी घालायची. तीन टाके केसांतल्या आकड्यावर अडकवून मागं धरायचे, पुढचे तीन आधी विणून घ्यायचे, मग आकड्यावरचे. की मफलरवर पीळ उमटला. मध्येच चूल बघा, दूध बघा, कुणी हाक मारली तर ओ द्या, मोजणी चुकायची नाही. आता किती दाणे पलीकडे गेले होते ते त्या तांबडीच्या पोटालाच ठाऊक.

मफलर संपत आला होता. एकच वेणी राहिली होती. अकराच्या एसटीनं निघून तो दुपारी दोनच्या आत लोणावळ्याला अपेक्षाताईंच्या दुकानात द्यायचा होता. हातानं केलेल्या वस्तूंचं इवलंसं दुकान ते. मेणबत्त्या, पिशव्या, आणि एका फळीवर उज्ज्वलाच्या टोप्या नि मफलर. फळीला तिच्या नावाची चिठ्ठी होती. पहिल्यांदा ती चिठ्ठी दिसली तेव्हा उज्ज्वला चपलेचा पट्टा नीट करायचं सोंग करत तिथंच उभी राहिली होती.

मागच्या खेपेला मात्र एक वेणी लांब आणि एक आखूड झाली. अपेक्षाताईंनी टेप लावून दाखवली. "हात चांगला आहे गं तुझा, पण गिऱ्हाईकाच्या डोळ्याला हे खुपतं. पुन्हा असं झालं तर फळी दुसरीला द्यावी लागेल मला." गोड आवाजात म्हणाल्या, म्हणून जास्तच झोंबलं. फळी गेली की पुन्हा आहेतच लोकांच्या बंगल्यांतली खरकटी भांडी.

तिनं वीण ताणून खिडकीच्या उजेडात धरली. लोकर काळी. गिऱ्हाईकानं नेमकी काळीच मागितलेली! ओळी मोजल्या, चार. पुन्हा मोजल्या, सहा. तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं, मग काय मोजणार, कपाळ!

दारात सासू बसली होती. मांडीवर सूप घेऊन बयाबाई भात निवडत होती, मधूनच एखादा दाणा बोटानं कडेला सारत होती. कोंबडी तिच्या बाजूनंच आत आली असणार. नुसतं हुश्श म्हणायला काय तोंड झिजतं? पण बयाबाईचं तोंड उज्ज्वलापुरतं गेल्या संक्रांतीपासून बंदच होतं.

कारण होतं एक निळा स्वेटर. सासरे गेले, कोंडूबाबा, तेव्हापासून तो खुंटीवर होता. उज्ज्वलाला विणकाम शिकायचं होतं आणि घरात लोकरीचा धागा नव्हता. सासू रानात गेलेली बघून तिनं तो उसवला. बयाबाई परत आली तर खुंटी रिकामी आणि कॉटवर निळा गुंडा. ती ना रडली ना भांडली. अबोला धरला. काही सांगायचंच झालं तर कोंबडीला सांगायची. "तांबडे, सांग गं तिला, चूल इझली." उज्ज्वलाही काही कमी नव्हती, तीही कोंबडीलाच उत्तर द्यायची. अकरा महिने त्या घराचा कारभार कोंबडीच्या मार्फत चालला होता. आपलं चुकलं हे उज्ज्वलाला कळत होतं. पण पाया पडायचं म्हटलं की मान ताठ व्हायची.

आज मात्र तिचा तोल सुटला.

"मुद्दाम सोडली ना तिला आत? माजी फळी गेली म्हंजे जीव गार व्हईल तुमचा! एका फाटक्या स्वेटरापायी!"

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. बयाबाईनं वर पाहिलंही नाही. सूप जपून खाली ठेवलं, उठली, तांबडीला धरून डालग्याखाली कोंडलं आणि पुन्हा येऊन बसली.

खाली वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. वरच्या वाडीला जाऊन गाडी परत यायला पाऊण तास. अंदाजानं वेणी घातली आणि चुकली, तर फळी गेली. मागच्या वेणीपर्यंत उसवून पुन्हा विणलं, तर गाडी गेली. चुकीचा माल घेऊन ताईंसमोर उभं राहणं उज्ज्वलाला जमणार नव्हतं. तिनं दात आवळले आणि टाक्यांतून सुई ओढायला घेतली.

"उसवू नगंस."

उज्ज्वलानं दचकून डालग्याकडं बघितलं. कोंबडी गप्प होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

बयाबाईनं सूप तिच्यापुढं सरकवलं. कडेला, बाकीच्या भातापासून वेगळे, सहा दाणे ओळीनं मांडलेले. आणि बोटभर अंतरावर दोन.

"सहा झाल्यात, दोन राह्यल्यात. मंग वेणी घाल. तांबडी कवा आत शिरली दिसलंच न्हाई मला, तुजंच मोजत व्हते." बोलायची सवय गेल्यासारखा तिचा आवाज अडकत होता. "मागल्या खेपंला चुकलीस, तवाबी मोजत व्हते. इचारलं असतंस तर सांगितलं असतं."

तिनं रिकाम्या खुंटीकडं पाहिलं.

"स्वेटर बी दिला असता."