दोन ठिपके

सकाळी चहाचे आधण ठेवून केतकी बैठकीच्या खोलीत येई. भिंतीवर दोन काळे ठिपके चिकटवलेले होते. एक तिच्या उंचीचा, दुसरा धाकट्या शर्वरीच्या. श्वास रोखून ती नेम धरी आणि रिकाम्या रायफलीचा चाप ओढी. 'टक्' एवढाच आवाज होई. काडतुसे महागल्यापासून दोघी बहिणींचा सराव असाच चाले. खरी काडतुसे स्पर्धेपुरती राखलेली असत.

"ताई, शेजारच्या काकू विचारत होत्या, तुमच्याकडे एवढी पाल कसली चुकचुकते?" शर्वरी एकदा म्हणाली.

"सांग, पाळलीय म्हणून."

राज्य संघाच्या निवड स्पर्धेत केतकीने पहिला नेम अचूक धरला. चाप ओढला. टक्. काडतूस भरायचेच राहिले होते. तिने घाईने ते भरले. पण नंतर प्रत्येक बाराला खांदा दचकत राहिला. खऱ्या धक्क्याची त्याची सवयच मोडली होती. तिची निवड झाली नाही. शर्वरीची निवड स्पर्धा पुढच्या महिन्यात होती, आणि उरलेली काडतुसे दोघींना पुरणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी शर्वरी डोळे चोळत बाहेर आली. "आज पाल गप्प कशी?"

"आजपासून तू रेंजवर खरा सराव कर. सगळी काडतुसं तुझ्या बॅगेत ठेवलीत."

"आणि तू?"

"चहा उतू जाईल, बघ जा."

ती आत गेल्यावर केतकीने आपल्या उंचीचा ठिपका नखाने हलकेच खरवडून काढला.