पाठीतलं पाणी

“आजी, खरं सांगा. इथं आणण्याआधी कुंदनला कुठं इंजेक्शन दिलं होतं का?”

डॉक्टर प्रतिभांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. नातवाला दवाखान्यात आणलं तेव्हा अंबूबाई ठामपणे “नाय” म्हणाली होती. मोठ्या दवाखान्यात आधीच्या डॉक्टरचं नाव काढलं की ‘मग त्याच्याकडंच जा’ म्हणतात, असं तिला शेजारणीनं बजावलं होतं.

कॉटवर पाच वर्षांचा कुंदन ग्लानीत पडला होता. मान अशी ताठ, की डोकं उचलायला जावं तर पाठही बरोबर उचलली जाई. मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. ती कशामुळं, हे शोधायला त्याच्या पाठीच्या मणक्यातून थोडं पाणी काढलं होतं. लॅबमध्ये दोन दिवस ठेवूनही त्यात एकही जंतू वाढला नव्हता.

“साधे जंतू नसतील, तर हा टीबीचा प्रकार असू शकतो. त्याचं औषध निराळं, वर्षभराचं. माझी वाट चुकली तर पोराचं नुकसान होईल.”

अंबूबाईनं पदराचं टोक मुठीत आवळलं.

“दिल्ती, बाई. गावातल्या डॉक्टरनं दोन सुया दिल्त्या. तुम्ही हाकलून द्याल म्हणून बोलले नाय.”

ती खाली बघत बोलणी खायची वाट पाहू लागली. डॉक्टर मात्र खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या.

“तुमचा झेंडूचा मळा ना? फुलबाजार उठून गेला, तरी तिथं काय विकलं गेलं ते कळतं की नाही?”

“न कळायला काय झालं? पाकळ्या पडलेल्या राहतात ना.”

“तसंच हे. त्या सुयांनी जंतू मेले असतील, म्हणून ते वाढले नाहीत. पण त्यांच्या पाकळ्या पाण्यात उरतात. मुंबईला एक नवीन मशीन आलंय, ते नेमकी पाकळी ओळखतं. तेही काही तासांत. मी थोडं पाणी राखून ठेवलंय.”

“मग आपला टेम्पो जातोच की दादरला!” दारात उभा असलेला जीवन, कुंदनचा बाप, म्हणाला.

ते पाणी ठेवलेला बर्फाचा डबा मांडीवर घेऊन तो फुलांच्या पाट्यांमध्ये बसला.

“फुलं चेंगरली तरी चालतील रे, डबा सांभाळ,” अंबूबाईनं बजावलं. असं ती उभ्या जन्मात पहिल्यांदाच म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांचा मोबाईल वाजला. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

“सापडली पाकळी, आजी! साध्याच जंतूची आहे, टीबी नाही. चालू आहे तेच औषध बरोबर आहे.”

“म्हणजे बरा होईल ना?”

“ताप उतरतोय. आता मान वाकली की मला हाक मारा.”

संध्याकाळी जीवन परतला. आंघोळ नाही, जेवण नाही, तसाच पोरावर ओणवा झाला. त्याच्या शर्टाच्या खिशातून एक केशरी पाकळी कुंदनच्या छातीवर पडली.

“हे काय, बाबा?” कुंदन पुटपुटला, आणि ती बघायला त्यानं हनुवटी छातीला टेकवली.

“बाई! ओ डॉक्टरीणबाई!” अंबूबाईची हाक पार जिन्याखालपर्यंत ऐकू गेली.