नागोजीचं रान

आण्णाप्पानं पहिला दगड मुद्दामच लांब टाकला. खोकडाच्या मादीनं नुसते कान टवकारले आणि ती पुन्हा बिळाच्या तोंडाशी बसली. रोज सकाळी भुईमुगाला पाणी द्यायला येणारा हा म्हातारा तिच्या चांगल्या ओळखीचा होता. तो आपल्याला मारील असं तिला वाटेना. खरं सांगायचं तर त्यालाही वाटत नव्हतं.

कासराभर अंतरावर बांधाकडेला नर मरून पडला होता. दिसायला लहानशा कोल्ह्यासारखा, मांजराहून जरासा थोराड, शेपटीचं टोक काळं, तोंडात अजून उंदीर धरलेला. एक उंदीर स्वतः खाऊन दुसरा पिल्लांसाठी घेऊन निघाला होता आणि वाटेतच आडवा झाला.

उंदीर आण्णाप्पाच्याच भुईमुगातला होता. परवा त्यानं रानातली सगळी बिळं चिखलानं बुजवली होती आणि काल त्यातली जी पुन्हा उकरलेली दिसली तेवढ्यांत औषध कालवलेल्या भरड्याच्या पुड्या सारल्या होत्या. खोकडांचं बीळ त्यानं आठवणीनं सोडलं. तिथं औषध टाकलं नाही म्हणजे झालं, एवढंच त्यानं धरलं होतं. खोकड उंदरांवर जगतं हे त्याला काय ठाऊक नव्हतं? नाकतोडे, सरडे, झाडाखाली पडलेली बोरं, मिळेल ते खातं. पण पोट भरतं ते उंदरांनीच. सगळं आयुष्य रानात काढलेल्या माणसाला एवढं काल सुचू नये? आता त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

नराच्या तोंडातला उंदीर त्यानं काढला आणि खुरप्यानं खोल खड्डा करून पुरला. पण असे किती पुरणार? औषध खाल्लेले उंदीर अजून दोन दिवस झिंगत बाहेर येणार होते. बिळात पिल्लं तीन. नर गेला, आता तिघांच्या तोंडात घालायचं ते एकटीनंच. ती आयते सापडलेले उंदीर उचलणारच. ती इथून हलली तरच पिल्लं वाचणार होती.

पण हाकलायचं कुठं? वरच्या अंगाला मष्णूची मिरची, खाली शामूचा ऊस, मावळतीला गाव. दोघांच्याही रानात कालच औषध पडलेलं. एकानं टाकलं की उंदीर शेजारी पळतात, म्हणून साऱ्यांनी एकाच दिवशी टाकायचं, हे आण्णाप्पानंच देवळात बसून सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं. त्याचा शब्द गावात सहसा खाली पडत नाही. एकटा नागोजी तेवढा आडवा लागला होता. "माजी कुत्री रानात हिंडत्यात आण्णा, मला न्हाय जमायचं." आण्णाप्पा त्याला चारचौघांत नको नको ते बोलला होता, आणि नागोजी तोंड पाडून उठून गेला होता.

नागोजीचं रान उगवतीला, टेकाडापलीकडं. तेवढी एकच बाजू मोकळी. आज आण्णाप्पाला त्याच्या हट्टाला हात जोडावेसे वाटले.

तो मावळतीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. दुसरा दगड मादीच्या पायाशी पडला. ती चार पावलं पळाली आणि परत आली. तिसरा तिच्या मांडीवर बसला. ती केकाटली.

"जा की गं बाई," तो रडकुंडीला येऊन ओरडला. "मी चांगला न्हाय. जा!"

चौथ्या दगडाला ती बिळात शिरली आणि पिल्लाला मानेला धरून बाहेर आली. एकदा मावळतीला, त्याच्याकडं, बघितलं आणि लंगडत लंगडत टेकाडावर चढली. आण्णाप्पानं डोळे पुसले. थोड्या वेळानं ती माघारी आली आणि दुसरं पिल्लू घेऊन गेली. आता एकच राहिलं होतं. तो बांधावर टेकला.

तेवढ्यात बांधावरून नागोजीच आला.

"खोकडाला कशाला मारतासा आण्णा? तुमचं काय खाल्लंय त्यानं?"

"मारतोय कुठला! हाकलतोय." आण्णाप्पानं मेलेल्या नराकडं बोट केलं. "औषधाचा उंदीर खाऊन त्यो गेला. तिला आनि पिल्लास्नी तुज्या रानाकडं धाडतोय बघ. साऱ्या शिवारात तेवढंच रान ऱ्हायलंय. तू माजं ऐकला न्हाईस, लई चांगलं केलास रं नागोजी."

नागोजी नराजवळ जाऊन वाकला.

"मी बी टाकलोय, आण्णा."

"काय?"

"औषध. तुमी बोललासा ते मनाला लागलं. काल कुत्री घरात बांधून घातलो आनि येऊन टाकलो. एक बीळ सोडलो न्हाय."

बिळाकडं खुडबुड झाली. तेवढ्यात माघारी आलेली मादी तिसरं पिल्लू तोंडात धरून बाहेर आली होती. आण्णाप्पा धडपडत उठला आणि दोन्ही हात पसरून तिला अडवायला धावला.

"तिकडं नगं गं! तिकडं नगं जाऊस!"

त्याला अंगावर येताना बघून तिनं पिल्लू आणखी घट्ट धरलं आणि दुखऱ्या पायानं, जीव घेऊन, ती नागोजीच्या रानाकडं पळाली.