वहीत नसलेलं उत्तर

पोर्तुगालमध्ये कायमचं राहता यावं म्हणून नवऱ्यानं मला कागदोपत्री घटस्फोट दिला आणि तिथल्या इनेशशी खोटं लग्न केलं. लग्न खरं आहे का हे तपासणाऱ्या सरकारी मुलाखतीसाठी त्या बयेला मीच पढवलं. चहात साखर किती, कुठल्या डाळीनं पित्त होतं, सगळं वहीत लिहून दिलं. लिहिताना ओळीओळीला जळले.

कचेरीबाहेर मी त्याची बहीण बनून बसले होते. इनेश धावत आली, गळ्यातच पडली.

“ताई, सुटलो! साहेबानं वहीत नव्हतं तेच विचारलं, नवरा घोरतो का? मी म्हटलं, घोरतो, पण डाव्या कुशीवर वळवला की गप्प होतो. साहेब हसला आणि शिक्का मारला!”

नवरा बुटाची नाडी बांधायला खाली वाकला, तो वर येईचना.

त्या घोरण्यापायी अकरा वर्षं मी कानात कापूस घालून झोपले.